राजदूत ३५० : गरम झाल्यावर एक सिलिंडर बंद का पडते?

आपल्या प्रश्नाचा गोषवारा असा : १९८०च्या दशकातील राजदूत ३५० ही दोन सिलिंडरांची मोटरसायकल आहे. सकाळी दुसऱ्या-तिसऱ्या किकला सुरू होते आणि अर्धा तास उत्तम चालते. घाट लागला की डावे सिलिंडर मिस मारू लागते आणि थोड्याच वेळात पूर्ण बंद पडते. उजव्या सिलिंडरवर गाडी कशीबशी रेटत न्यावी लागते. पंधरा-वीस मिनिटे थांबले की सर्व काही पूर्ववत होते. प्लग बदलून झाले, दोन्ही कार्बोरेटर उघडून साफ झाले, आणि आता मिस्त्री पॉइंट (ठिणगीच्या क्षणी उघडणारा यांत्रिक स्विच) काढून सीडीआय (इलेक्ट्रॉनिक प्रज्वलन यंत्रणा) बसवा असा सल्ला देत आहेत.

सीडीआयचा विचार शेवटी करू. आपल्याकडे पॉइंट-कंडेन्सरच्या गाड्या दुरुस्त करताना एकाच दिवशी प्लग, पॉइंट, कंडेन्सर (पॉइंटवरची ठिणगी शोषणारा भाग) आणि कॉइल (प्लगसाठी उच्च व्होल्टेज तयार करणारा भाग) असे चारही भाग बदलण्याची पद्धत पडली आहे. त्यातून गाडी कधी कधी सुरूही होते, पण दोष कशात होता ते कळत नाही, आणि नव्या भागांपैकी एखादा मुळात सदोष असेल तर जुन्या दोषात नव्याची भर पडते. आज बाजारात मिळणाऱ्या कंडेन्सरचा दर्जा पाहता ही शक्यता फार मोठी आहे. राजदूत ३५०ला अशा अंदाजपंचे दुरुस्तीची गरजच नाही, कारण तिच्या रचनेतच दोष शोधण्याची सोय आहे.

ही टू-स्ट्रोक गाडी यामाहाच्या आरडी ३५०बी या मॉडेलवरून एस्कॉर्ट्सने १९८३ ते १९८९ या काळात भारतात बनवली. तिच्या दोन सिलिंडरांना प्रज्वलनाच्या दोन स्वतंत्र यंत्रणा आहेत : प्रत्येकाचा पॉइंट वेगळा, कंडेन्सर वेगळा, कॉइल वेगळी, वायर-कॅप-प्लग वेगळे. सामायिक आहे तो फक्त विजेचा पुरवठा, म्हणजे बॅटरी, फ्यूज, चावी, बंद करण्याचे बटण, त्यांना जोडणाऱ्या तारा आणि अर्थिंग. ज्या कॅमवर (पॉइंट उचलणाऱ्या फिरत्या उंचवट्यावर) दोन्ही पॉइंट उघडतात तो क्रँकच्या (पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या) डाव्या टोकाला असतो आणि तोही सामायिकच. म्हणून पहिला प्रश्न नेहमी एकच असावा : दोन्ही सिलिंडर एकदम जातात की एकच? दोन्ही जात असतील तर पुरवठ्याकडे पाहावे. एकच जात असेल, आणि आपल्याकडे तसेच आहे, तर बॅटरी व चावी बहुतांशी निर्दोष ठरतात आणि संशय त्या बाजूच्या मोजक्या भागांवर येतो. शिवाय शेजारीच त्याच भागांचा चालू संच उपलब्ध असतो.

मात्र दोष प्रज्वलनाचाच आहे याची खात्री आधी करून घ्यावी. घाटात सिलिंडर बंद पडले की लगेच क्लच दाबून, चावी बंद करून गाडी कडेला घ्यावी आणि डावा प्लग काढून पाहावा. प्लग पेट्रोलने ओला असेल तर इंधन पोहोचत आहे, ठिणगी पडत नाही. कोरडा असेल तर प्रथम पेट्रोलचा मार्ग तपासावा. टाकीच्या झाकणाचे हवेचे छिद्र बुजल्यामुळेही गाडी अर्ध्या तासाने बंद पडते, परंतु त्याचा परिणाम दोन्ही कार्बोरेटरांवर होतो आणि झाकण उघडताच गाडी पूर्ववत होते. हे निरीक्षण गाडी गार होण्यापूर्वीच करायला हवे, कारण गॅरेजमध्ये पोहोचेपर्यंत पुरावा नाहीसा झालेला असतो. ‘मिस्त्रींकडे नेली की नीट चालते’ ही तक्रार बहुधा याच प्रकारच्या दोषाची असते.

प्लग बाहेर काढून, कॅपला लावून, हेडला टेकवून किक मारली आणि ठिणगी दिसली, म्हणजे प्रज्वलन ठीक आहे, असा समज सर्वत्र आहे. तो अपुरा आहे. उघड्या हवेत ०.६ मिलिमीटरच्या फटीतून ठिणगी उडवायला लागणारे व्होल्टेज कमी असते. सिलिंडरमध्ये दाबलेल्या मिश्रणातून तीच ठिणगी उडवायला कितीतरी अधिक व्होल्टेज लागते. दुबळी कॉइल पहिल्या परीक्षेत उत्तीर्ण होते आणि दुसऱ्या परीक्षेत नापास होते. म्हणून चाचणीसाठी एखाद्या जुन्या प्लगचे बाहेरचे टोक तोडून किंवा बाजारातला स्पार्क टेस्टर वापरून किमान ६ मिलिमीटर फट ठेवावी, आणि त्यातून निळसर, कडकडीत आवाजाची ठिणगी सलग पडते का ते पाहावे. पिवळी, बारीक, अधूनमधून चुकणारी ठिणगी म्हणजे दोष सापडण्याच्या मार्गावर आहे. ही चाचणी करताना दोन पथ्ये पाळावीत. प्लगच्या उघड्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येते, तेव्हा ते भोक दुसऱ्या प्लगने किंवा कापडाच्या बोळ्याने बंद करावे आणि ठिणगी त्यापासून दूर उडवावी. दुसरे म्हणजे कॅप मोकळी लोंबत ठेवून किक कधीही मारू नये. ठिणगीला बाहेर वाट मिळाली नाही तर ती कॉइलच्या आतले इन्सुलेशन फोडून वाट काढते.

आता मुख्य चाचणी. टाकी उचलली की दोन्ही कॉइल दिसतात. गाडी थंड असताना दोन्ही कॉइलवरच्या पॉइंटच्या तारांची अदलाबदल करावी आणि त्याच वेळी प्लगच्या कॅपचीही अदलाबदल करावी. असे केल्यावर डाव्या पॉइंटवर उजवी कॉइल चालते आणि तिची ठिणगी डाव्या सिलिंडरमध्ये पडते, म्हणजे टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) बिघडत नाही. दोहोंपैकी एकाचीच अदलाबदल केली तर मात्र ठिणगी अर्धा फेरा चुकीच्या वेळी पडेल, कारण या क्रँकचे दोन पिन १८० अंशांवर आहेत. कंडेन्सरची जोडणी पॉइंटच्या बाजूलाच राहिली आहे ना, हेही तारेचा मागोवा घेऊन पाहावे. अनेक गाड्यांचे वायरिंग आता मूळचे राहिलेले नाही, म्हणून तारांच्या रंगावर विसंबू नये.

अशी गाडी घेऊन त्याच घाटाला जावे. बंद पडणारे सिलिंडर आता उजवे झाले, तर दोष कॉइल, तिची जाड वायर किंवा कॅप यांतच आहे. तरीही डावेच बंद पडत असेल, तर कॉइल निर्दोष आहे, आणि पॉइंट, कंडेन्सर किंवा इंजिनाच्या त्या बाजूची यांत्रिक अवस्था तपासायला हवी. एकही रुपया खर्च न करता संशयितांची संख्या निम्मी होते. घाटात कोणते सिलिंडर बंद आहे हे ओळखण्यासाठी दोन्ही सायलेन्सरच्या तोंडाशी हात धरून धूर व झोत पाहिला तरी पुरते. तोटीला हात लावण्याची गरज नाही.

आपण दिलेल्या लक्षणांवरून माझा पहिला संशय कॉइलवर आहे. कॉइलमध्ये दोन वेटोळी असतात : बॅटरीचा करंट घेणारी प्रायमरी आणि ठिणगीचे व्होल्टेज देणारी सेकंडरी. सेकंडरीमध्ये केसासारख्या बारीक तारेचे हजारो वेढे असतात. चाळीस वर्षांत त्यांवरचे वार्निश कडक होऊन तडकते. थंड असताना तुटलेली टोके एकमेकांना टेकलेली राहतात किंवा इन्सुलेशन तग धरते. टाकीखाली, इंजिनाच्या वाफेत कॉइल तापली की टोके दूर जातात किंवा शेजारचे वेढे आपसांत जोडले जातात, आणि ठिणगी मरते. थांबल्यावर पुन्हा सुरू होणे हे त्याचे नेमके लक्षण आहे. मल्टिमीटरने मोजायचे तर १२ व्होल्टच्या पॉइंटवाल्या कॉइलचा प्रायमरी रोध साधारण ३ ते ५ ओहमच्या दरम्यान भरतो आणि सेकंडरीचा काही हजार ओहम. थंड कॉइलचे आकडे लिहून ठेवावेत आणि बंद पडल्यावर तत्काळ पुन्हा मोजावेत. येथे एक बारकावा आहे. तांब्याचा रोध तापमानाबरोबर दर अंशाला सुमारे ०.४ टक्क्याने वाढतो, म्हणून २५ अंशांना ४ ओहम दाखवणारी निरोगी कॉइल ७० अंशांना ४.७ ओहम दाखवेल. ही वाढ नैसर्गिक आहे. तिला दोष समजून चांगली कॉइल फेकू नये. सेकंडरी एकदम अनंत रोध दाखवू लागली तर मात्र निकाल लागला. उलट सर्व आकडे योग्य आले तरी कॉइल चांगली आहे असे सिद्ध होत नाही, कारण मीटरच्या दीड-दोन व्होल्टवर टिकणारे इन्सुलेशन प्रत्यक्षातल्या हजारो व्होल्टवर फुटते. म्हणूनच अदलाबदलीची चाचणी मी मीटरच्या वर ठेवतो.

दोष कॉइलबरोबर सरकला तरी कॉइल विकत घेण्यापूर्वी कॅप काढून मोजावी. रेझिस्टर असलेली कॅप साधारण ५ हजार ओहमची असते. जुनी कॅप आतून जळून याच्या कितीतरी पट दाखवते. त्यात भर म्हणून रेझिस्टरचाच प्लग लावलेला असेल तर मूळच्या जेमतेम ठिणगीवर दुहेरी भार पडतो. वायरचे कॅपमध्ये शिरणारे टोक हिरवे किंवा काळे पडले असेल तर एक सेंटिमीटर कापून ताज्या तांब्यावर कॅप फिरवून बसवावी. कोकणात किंवा किनाऱ्यालगत राहणाऱ्यांनी हे दर पावसाळ्यानंतर करावे, असे मी सुचवेन. रात्री अंधारात गाडी चालू ठेवून कॅप व वायरवर पाण्याचा बारीक फवारा मारला, की ठिणगी कुठून निसटते ते डोळ्यांना दिसते. त्या वेळी हात दूर ठेवावा, हे सांगायला नकोच.

दोष डाव्या सिलिंडरलाच चिकटून राहिला तर डावे कव्हर उघडावे. त्यात आल्टरनेटरच्या (बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राच्या) पुढे पॉइंटची प्लेट दिसते. अंधारात इंजिन मंद चालवून दोन्ही पॉइंटांकडे पाहावे. निरोगी पॉइंटमध्ये क्वचित एखादी बारीक निळी चमक दिसते. सतत पिवळी आतषबाजी दिसली तर कंडेन्सर काम करत नाही. उलट कंडेन्सर आतून शॉर्ट झाला असेल तर पॉइंट उघडून उपयोग होत नाही आणि ठिणगी अजिबात येत नाही. कंडेन्सरही कॉइलप्रमाणेच उष्णतेने बिघडतो, म्हणून त्याचीही बाजू बदलून पाहावी. त्याची क्षमता साधारण ०.२ मायक्रोफॅरडच्या आसपास असते. मी आता छोट्या पत्र्याच्या डबीऐवजी योग्य क्षमतेचा आणि किमान ६३० व्होल्टचा दर्जेदार फिल्म कपॅसिटर वापरून तो इंजिनापासून दूर, कॉइलजवळ बसवणे पसंत करतो. दिसायला तो मूळ नसतो, पण टाकीखाली कोण पाहणार?

पॉइंटची तोंडे काजळलेली किंवा खड्डे-उंचवटे पडलेली असतील तर बारीक पॉलिश पेपरने सपाट करावीत. त्यानंतर कोरा जाड कागद त्यांत धरून ओढावा, म्हणजे पेपरचे कण निघून जातात. नव्या पॉइंटलाही गंज रोखणारा तेलकट थर असतो. तो पेट्रोलने पुसला नाही तर नवा पॉइंट बसवूनही गाडी सुरू होत नाही, आणि दोष भलत्यावरच ढकलला जातो. पॉइंट वारंवार तेलकट होत असतील तर त्यांना पुसत बसू नये. त्या जागेमागचे डावे क्रँक सील (हवा आणि ऑइल अडवणारी कडी) गेले आहे आणि पेट्रोल-ऑइलचा फवारा आत येतो आहे, असा त्याचा अर्थ घ्यावा.

सीलांविषयी थोडे विस्ताराने सांगतो, कारण टू-स्ट्रोकमध्ये प्रज्वलनाच्या दोषाची सर्वांत चांगली नक्कल सील करते. डावे सील फुटले की आल्टरनेटरच्या बाजूने हवा आत ओढली जाते, डाव्या सिलिंडरचे मिश्रण पातळ (पेट्रोल कमी, हवा जास्त) होते, आयडलिंग वर चढते, एक्सलेटर सोडला तरी इंजिन लवकर खाली येत नाही आणि प्लग पांढरट दिसतो. उजवे सील क्लचच्या बाजूला असते. ते गेले तर गिअरचे ऑइल सिलिंडरमध्ये ओढले जाते, उजवा प्लग ओलाकाळा होतो, त्या बाजूने भरपूर पांढरा धूर येतो आणि गिअरबॉक्समधले ऑइल कारण नसताना कमी होत जाते. या अवस्थेत कितीही प्लग आणि कॉइल बदलल्या तरी गुण येणार नाही. एकच प्लग सारखा काळा पडतो म्हणून उष्ण (स्वतः अधिक तापणारा) प्लग लावणे हा तर धोक्याचा उपाय आहे.

प्लगबाबत क्रमांकांचा एक गोंधळ जाता जाता स्पष्ट करतो. एनजीकेच्या पद्धतीत आकडा वाढला की प्लग थंड (उष्णता लवकर बाहेर टाकणारा) होतो. या इंजिनासाठी बी८एचएस हा नेहमीचा प्लग आहे. जुन्या मायको प्लगच्या तीन आकडी क्रमांकांतही मोठा आकडा म्हणजे थंड प्लग. बॉशच्या नंतरच्या एक आकडी पद्धतीत मात्र नेमके उलट आहे. दुकानदाराने ‘याच्या जवळचा’ म्हणून दिलेला प्लग दोन-तीन पायऱ्या उष्ण असू शकतो, आणि घाटात त्याचे मोल पिस्टन चुकवतो. शिवाय, सिलिंडर बंद असताना पेट्रोल-ऑइलने भिजलेला प्लग अनेकदा कायमचा अधू होतो. मूळ दोष दूर करूनही तोच प्लग परत लावला तर दोष गेलाच नाही असे वाटते. म्हणून प्रत्येक निर्णायक चाचणीसाठी खात्रीचा, कोरडा प्लग हाताशी असावा.

आता टायमिंग. अदलाबदलीत काहीही निष्पन्न होवो, कव्हर उघडलेच आहे तर हे काम करूनच ते बंद करावे. या गाडीचे टायमिंग स्थिर आहे, वेगाबरोबर ते पुढे सरकवणारी रचना तिच्यात नाही. पिस्टन वरच्या टोकाला पोहोचण्यापूर्वी २.० मिलिमीटरवर असताना पॉइंट उघडला पाहिजे. क्रँकच्या कोनात हे सुमारे २० अंश होतात. प्रथम पॉइंटची सर्वाधिक फट ०.३ ते ०.४ मिलिमीटरच्या दरम्यान फिलर गेजने (फट मोजण्याच्या पातळ पट्ट्यांनी) ठेवावी, कारण फट बदलली की टायमिंगही बदलते : फट वाढली तर ठिणगी लवकर पडते, आणि पॉइंटची टाच (कॅमवर घासणारा भाग) झिजून फट घटली तर उशिरा. कॅमवरच्या फेल्टला किंचित ग्रीस नसेल तर ही टाच झपाट्याने झिजते. फट जुळल्यावर प्लगच्या भोकात डायल गेज (पिस्टनची उंची मोजणारे उपकरण) बसवून, इंजिन ज्या दिशेला फिरते त्याच दिशेला हाताने फिरवत २.० मिलिमीटरवर आणावे आणि पॉइंटच्या तारेपासून अर्थपर्यंत जोडलेला १२ व्होल्टचा छोटा दिवा नेमका तिथेच लागतो का ते पाहावे. चावी चालू असताना पॉइंट उघडताच दिवा लागतो. दोन पॉइंटांपैकी एकाचे टायमिंग मुख्य प्लेट फिरवून जुळते आणि दुसऱ्याचे त्याच्या स्वतंत्र छोट्या प्लेटने, म्हणून आधी मुख्य प्लेटवरचे सिलिंडर जुळवावे आणि मग दुसरे. हा क्रम उलटा केला तर केलेले काम मोडते. दोन्ही सिलिंडरांत एक दशांश मिलिमीटरपेक्षा अधिक फरक ठेवू नये.

सिगारेटचा कागद पॉइंटमध्ये धरून तो सुटण्याचा क्षण पाहण्याची जुनी पद्धत रस्त्यावर अडल्यास उपयोगी आहे, पण तिच्यावर गाडी कायमची चालवू नये. ठिणगी फार लवकर पडू लागली तर इंजिन थंड असताना उलट चपळ वाटते, मालक खूश होतो, आणि लांब चढणीवर पिस्टनच्या माथ्याला भोक पडते. वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमुळे कार्बोरेटरच्या त्याच जेटवर (पेट्रोल सोडणाऱ्या छिद्रावर) मिश्रण पूर्वीपेक्षा पातळ होते, त्यामुळे अशा चुकीला असलेली मोकळीक आणखी कमी झाली आहे.

टायमिंग जुळवल्यावर स्ट्रोब लाइट (प्रत्येक ठिणगीबरोबर लुकलुकणारा दिवा) लावून पाहावे. खूण एका जागी स्थिर दिसली पाहिजे. ती थरथरत मागेपुढे सरकत असेल तर पॉइंटची स्प्रिंग मऊ झाली आहे किंवा, हे अधिक खर्चाचे, क्रँकचे डावे बेअरिंग झिजले आहे. कॅम क्रँकच्याच टोकावर असल्याने बेअरिंगमधला ढिलेपणा सरळ पॉइंटच्या फटीत उतरतो. रोटर (आल्टरनेटरचा फिरता भाग) हाताने धरून वर-खाली हलवला असता खेळ जाणवला, तर इंजिन उघडण्याची तयारी ठेवावी. तिथे कोणताही पॉइंट टिकणार नाही.

आपल्या दोषाशी थेट संबंध नसला तरी विजेचा पुरवठा एकदा मोजून घ्यावा. या गाडीच्या आल्टरनेटरच्या रोटरला स्वतःचे चुंबकत्व जवळपास नसते, ते ब्रशमार्गे बॅटरीच्या करंटने तयार होते. त्यामुळे यामाहाची आरएक्स १०० जशी मेलेल्या बॅटरीवरही किकने चालते तशी ही चालत नाही. पूर्ण चार्ज बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन तीन हजार फेऱ्यांवर असताना बॅटरीच्या टोकांवर १४ ते १५ व्होल्ट दिसले नाहीत तर प्रथम ब्रशची लांबी पाहावी. पॉइंट बंद असताना (त्याची तोंडे टेकलेली असताना) कॉइलच्या पुरवठ्याच्या टोकाशी व्होल्टेज मोजून बॅटरीच्या व्होल्टेजशी ताडावे. फरक अर्ध्या व्होल्टपेक्षा अधिक असेल तर चावी, बटण किंवा एखादा काळवंडलेला जोड मध्ये करंट खातो आहे. इंजिन बंद ठेवून चावी चालू सोडण्याची सवयही मोडावी : पॉइंट बंद अवस्थेत थांबला असेल तर ४ ओहमच्या कॉइलमधून ३ अँपिअर सतत वाहत राहतात, बॅटरी उतरते आणि कॉइल उगाच भाजली जाते. जुन्या कॉइलच्या मरणाचे हे एक नेहमीचे कारण आहे.

राहिला सीडीआयचा प्रश्न. या गाडीसाठी मिळणाऱ्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणांना माझा विरोध नाही. पॉइंट झिजणे, फट बदलणे, दर काही हजार किलोमीटरनी कव्हर उघडणे हे त्यांनी टळते. परंतु आपला दोष कॅपमध्ये, वायरच्या टोकाशी किंवा सीलमध्ये असेल तर सीडीआय बसवूनही तो तसाच राहील, आणि डावे बेअरिंग ढिले असेल तर नवा पिकअपही (पॉइंटच्या जागी येणारा सेन्सर) तेच भरकटलेले टायमिंग पकडेल. म्हणून आधी अदलाबदलीची चाचणी, मग निर्णय. यंत्रणा बसवलीच तर प्लेटवरच्या खुणेवर न विसंबता डायल गेज आणि स्ट्रोबने दोन्ही सिलिंडरांचे टायमिंग पुन्हा तपासून घ्यावे, आणि उत्पादकाने सांगितलेल्या रोधाचीच कॉइल वापरावी; पॉइंटसाठी बनलेली कॉइल अनेक सीडीआयला चालत नाही. काढलेली मूळ प्लेट, पॉइंट आणि चांगली ठरलेली कॉइल भंगारात न देता डबीत जपून ठेवावी. इलेक्ट्रॉनिक युनिट आंबोलीच्या पावसात बंद पडले तर ते रस्त्याच्या कडेला दुरुस्त होत नाही, मूळ प्लेट मात्र स्क्रू ड्रायव्हर आणि फिलर गेजच्या जोरावर तिथेच बसवता येते.